राखणाऱ्याचं मत

मुलुंड-घाटकोपरच्या आणि बोरिवली-पार्ल्याच्या मतदाराबद्दल निवडणुकीच्या दिवसांत दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक त्याच्या विरोधकांचं असतं: हा पुराणमतवादी माणूस डोळे मिटून बटण दाबतो, त्याच्याशी बोलून उपयोग नाही. दुसरं त्याच्याच बाजूच्या कार्यकर्त्यांचं: ही आपली हक्काची मतं, जातात कुठे? एकाच्या बोलण्यात तुच्छता असते, दुसऱ्याच्या बोलण्यात जवळीक. पण दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे, ती ही की या माणसाला विचार करायची सवय नाही. ही समजूत साफ चुकीची आहे, आणि ती खोडायला मतमोजणीचे जुने आकडे पुरेसे आहेत.

ईशान्य मुंबईचा लोकसभा मतदारसंघ घ्या. १९७७ आणि १९८० मध्ये तिथून जनता पक्षाचे सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. मग १९८४ ला काँग्रेसचे गुरुदास कामत, १९८९ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९१ ला पुन्हा कामत, १९९६ ला प्रमोद महाजन, १९९८ ला परत कामत, १९९९ ला किरीट सोमय्या, २००४ ला पुन्हा एकदा कामत, २००९ ला राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील, २०१४ ला सोमय्या. तीस वर्षं दर निवडणुकीत पारडं फिरलं. २०१९ ला भाजपनं जागा राखली, पण त्यासाठी उमेदवार बदलून मनोज कोटक यांना उभं करावं लागलं. २०२४ ला पाटील पुन्हा आले, या वेळी ठाकरे यांच्या शिवसेनेतर्फे, २९,८६१ मतांनी. १९८० नंतर इथल्या एकाही खासदाराला लागोपाठ दुसरी खेप मिळालेली नाही. या मतदारसंघात मानखुर्द-शिवाजीनगर, भांडुप, विक्रोळीही येतात, त्यामुळे सगळं श्रेय मुलुंड-घाटकोपरला देता येणार नाही. तरीही जिथे इतक्या वेळा पारडं फिरतं, तिथल्या मतदाराला आंधळा म्हणणं अवघड आहे.

बोरिवलीचा इतिहास तर आणखी बोलका आहे. १९७७ ला उत्तर मुंबईनं समाजवादी मृणाल गोरे यांना लोकसभेत पाठवलं, त्याच पाणीवाल्या बाईंना, आणि पुढच्याच वर्षी बोरिवलीनं संघाच्या मुशीतले राम नाईक विधानसभेवर निवडून दिले. दोघंही तेव्हा जनता पक्षाचे, पण विचारांनी दोन टोकांचे. मतदारानं दोघांतही एक गोष्ट पाहिली असणार: पाण्याच्या नळासाठी, लोकलच्या गर्दीसाठी रस्त्यावर उतरणारं माणूस. नाईकांना याच भागानं तीनदा आमदार आणि पाच वेळा खासदार केलं. आणि २००४ ला, ते केंद्रात मंत्री असताना, याच भागानं त्यांना पाडून अभिनेता गोविंदाला दिल्लीला धाडलं. तो निर्णय शहाणपणाचा नव्हता, हे आज त्याला मत देणारेही मान्य करतील. पण चुकलेलं मत हेही गृहीत धरलेलं मत नव्हे.

हा मतदार नेमका काय मानतो, हे समजून घ्यायला 'परंपरावादी' किंवा 'उजवा' हे शब्द फारसे कामाला येत नाहीत. त्याच्यासाठी 'राखणं' हे साधं क्रियापद जास्त नेमकं आहे. शेत राखतात, घर राखतात, शब्द राखतात, मान राखतात. गिरगाव-परळच्या चाळीतली खोली सोडून कर्ज काढून उपनगरात दोन खोल्यांचं घर घेतलेल्या पिढीचं सगळं आयुष्य हप्ते फेडण्यात आणि ते घर राखण्यात गेलं. वीस-पंचवीस बिऱ्हाडांची सोसायटी, तिचा मेंटेनन्स, पाण्याची टाकी, गणपतीची वर्गणी, वार्षिक सभेतली भांडणं, हे सगळं त्यानं निगुतीनं सांभाळलं. नवं काही आलं की तो आधी विचारतो, जुन्याचं काय होणार? हा प्रश्न मागासपणाचा नाही. हातात असलेलं मिळवायला किती वर्षं लागली हे ज्याला माहीत असतं, तोच हा प्रश्न विचारतो.

राखणारा माणूस नवं काही उभारत नाही, हा आक्षेपही टिकत नाही. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. १९२१ मध्ये पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. शंभर वर्षं ओलांडून दोन्ही संस्था आज चालू आहेत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला होता. आगरकर सुधारणेच्या बाजूनं उभे होते. त्या वादात आगरकर बरोबर होते, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण आगरकरांनी मागितलेलं स्त्रीशिक्षण आज ज्या घरांत कुळाचार असावा तसं पाळलं जातं, त्यांत टिळकांची तसबीर असलेली घरंही आहेत. सुधारकानं मांडलेलं आणि काळानं पारखलेलं पुढच्या पिढीपर्यंत पोचवायचं काम याच माणसाकडे येतं. चर्चगेट ते बोरिवली ही महिला विशेष लोकल मे १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्यातून तीस-तीस वर्षं नोकरीला गेलेल्या आणि घरी सणवार, उपासतापास सगळं करणाऱ्या बायकांना कुणी मागासलेल्या म्हणत असेल, तर त्यानं त्या डब्यात एकदा उभं राहून पाहावं.

इथवर खंडन झालं. पण राखण्याची बाजू मनापासून घ्यायची, तर या मतदारालाही काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतील, आणि त्या गोड नाहीत.

पहिली गोष्ट पार्ल्याचीच. डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू विलेपार्ल्यातून निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावानं मतं मागितली होती. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे या प्रचारात भाषणं केलेल्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. शाळा, वाचनालयं, व्याख्यानमाला उभारणाऱ्या या उपनगरात ती भाषा चालली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला आपल्या धर्माचा अभिमान आहे, त्यानं तो देवघरात, वारीत, आचरणात राखावा. मतपेटीत टाकला की तो दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतो.

दुसरी गोष्ट दारावरची. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा पाहायला गेली असता 'मराठी माणसांना देत नाही' असं ऐकावं लागलं. महाराष्ट्रभर संताप झाला, तो योग्यच होता. परंतु उपनगरांतल्या किती सोसायट्यांत आडनाव ऐकून, जेवण विचारून, धर्म पाहून भाडेकरू नाकारला जातो? मराठी माणसाला मुलुंडमध्ये जे सोसावं लागलं, ते मुसलमान कुटुंबांना, दलित कुटुंबांना, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींना वर्षानुवर्षं सोसावं लागतं आहे. परंपरावादी बाजूचा युक्तिवाद असा, की आपल्या विचारांच्या माणसांनी एकत्र राहण्याचा हक्क आहे, आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. निकाल खरा आहे. पण तो संस्थेनं स्वतःच्या उपविधीत उघडपणे लिहून ठेवलेल्या सभासदत्वाच्या अटीबद्दल होता. सगळ्यांसाठी खुल्या म्हणून नोंदलेल्या सोसायटीत सेक्रेटरीनं जिन्यात उभं राहून आडनावं तपासावीत, अशी मुभा त्या निकालानं कुणाला दिलेली नाही. आपल्या स्वयंपाकघराचा नियम आपल्या उंबरठ्यापर्यंत. समोरच्या दारामागे काय शिजतं, हा शेजाऱ्याचा प्रश्न.

आता या मतदाराच्या सगळ्यात आवडत्या शब्दाकडे यावं लागेल: शिस्त. कायदा आणि सुव्यवस्था. ही मागणी पोलीसराज्याची आहे, असं त्याचे विरोधक म्हणतात. ती गरिबालाही तितकीच लागते हे ते विसरतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला वादळात एक जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं मेली. महापालिकेच्या नियमात ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठा फलक बसत नव्हता. हा १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे क्षेत्रफळानं नऊपट. तो काही रात्रीत उगवला नव्हता. हमरस्त्याला लागून, हजारो गाड्यांच्या नजरेसमोर, रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जमिनीवर तो उभा होता. त्याखाली गेलेली माणसं पेट्रोल भरायला थांबलेली, पावसापासून आडोसा शोधणारी, पंपावर काम करणारी होती. नियम लिहिलेला असून तो पाळला न गेल्यानं हे मृत्यू झाले. शिस्तीचा कैवार घेणाऱ्यानं याहून मोठा संताप कशावर करायचा? आठवड्याभरात, २० मे ला, इथेच मतदान झालं. प्रचारात या फलकावरून पक्षांनी एकमेकांवर बोटं दाखवली. शहरातला दुसरा कुठला फलक नियमात बसतो आणि कुठला नाही, हे प्रत्येक प्रभागात विचारायला हवं होतं, आणि ते विचारण्याचा पहिला अधिकार शिस्तीचं नाव घेणाऱ्या मतदाराचा होता.

याहून खोल जखम ११ जुलै २००६ ची. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. जोगेश्वरीला, बोरिवलीला, मीरा रोडला घरी परतणारी माणसं गेली. एकूण १८० हून अधिक. उपनगरांतल्या सुरक्षेच्या आग्रहाचं मूळ अशा दिवसांत आहे, आणि त्याला द्वेष म्हणून झटकणं क्रूरपणाचं आहे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांच्या शिक्षा रद्द केल्या. आरोप सिद्ध करण्यात सरकार पक्ष सपशेल अपयशी ठरला, असं सांगून. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. कडक कायद्याची वाण नव्हती. मकोका लावलेलाच होता. कमी पडला तो न्यायालयात टिकणारा पुरावा. एकोणीस वर्षांनी बोरिवलीच्या एखाद्या घरात भिंतीवरच्या फोटोला हार घालणाऱ्या बाईला, तिच्या माणसाला कुणी मारलं, हे सांगणारं कुणी नाही. सुरक्षेला पहिला क्रमांक देणाऱ्या मतदारानं कडक कायद्याच्या घोषणेवर खूश होणं आता थांबवायला हवं. चांगला तपास मागायला हवा: प्रशिक्षित अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, मारहाणीतून काढलेल्या कबुलीवर न विसंबणारे पोलीस.

पैशाच्या बाबतीत हा माणूस काटेकोर असतो. मुदत ठेव, विम्याचा हप्ता, वहीतला महिन्याचा खर्च. म्हणून जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० रुपये मिळू लागल्यावर त्याच्या कट्ट्यावर कुरबुर झाली. त्यातला जो भाग घरकाम करणाऱ्या बाईकडे पाहून होता, तो टाकून द्यावा. तिच्या हातात पडणारे १,५०० रुपये औषधाला, मुलाच्या क्लासला जातात. पण दुसरा भाग रास्त आहे. राज्यावरचं कर्ज वाढत चाललेलं असताना, निवडणुकीआधी घाईनं अर्ज मंजूर झाले, निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली, आणि जाहीरनाम्यातल्या २,१०० रुपयांच्या वचनाचं काय करायचं ते सरकारलाच उमगेना. हे करणारं सरकार या मतदाराच्या आवडीचं होतं. म्हणून तर त्याचा आवाज जास्त मोठा असायला हवा होता.

भाषेच्या वेळी तो आवाज निघाला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आली, आणि विरोध केवळ विरोधी पक्षांतून झाला नाही. सरकारला मत दिलेल्या मराठी घरांतही, सहा वर्षांच्या लेकराला तिसरी भाषा कशाला, असा सवाल उठला. २९ जूनला सरकारनं निर्णय मागे घेतला. हे राखणाऱ्याचं राजकारण. आपल्या बाजूच्या सरकारलाही 'हे नको' म्हणणारं. ते आणखी खरं ठरेल, जेव्हा यातली काही घरं आपली नातवंडं मराठी शाळेत घालतील.

मुंबई महापालिकेच्या वेळी मात्र हा आवाज बसला. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, प्रशासकानं कारभार पाहिला. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या नगरसेवकानं तपासला नाही. सोसायटीची वार्षिक सभा महिनाभर लांबली तर निबंधकाकडे तक्रार करणाऱ्या माणसानं हे चार वर्षं कसं चालवून घेतलं, याचं उत्तर त्यानंच द्यायचं आहे.

तो जाणार कुठे, असं ज्यांना अजून वाटतं त्यांच्यासाठी अंधेरीचे दोन आकडे आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाजपनं उमेदवार मागे घेतला. ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून निवडून आल्या, आणि दुसऱ्या क्रमांकाची १२,८०६ मतं 'नोटा'ला पडली. त्यामागे कुणाचा प्रचार होता यावर वाद झाला. पण उन्हात रांग लावून, एकही नाव पसंत नाही असं सांगायला हजारो माणसं गेली, यावर वाद नाही. आणि जून २०२४ मध्ये वायव्य मुंबईत, जोगेश्वरी ते अंधेरीच्या पट्ट्यात, मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं मोजली गेली आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या तिथल्या एका टॉवरमध्ये याहून जास्त बिऱ्हाडं राहतात.