दुधाचे इंजेक्शन आणि तिघांची नोकरी



रेल्वे-टपालवाल्यांच्या पानात गाईच्या दुधाचे काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न दुधाचा कमी आणि सरकारी नोकराच्या सहीचा जास्त आहे.

मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीने गाईच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल कारखान्यात तयार केली. ते प्रथिन असल्याने चाऱ्यातून दिले तर पोटात पचून जाते, म्हणून दर चौदा दिवसांनी टोचायचे. दूध दहा-पंधरा टक्के वाढते. (आपल्या तबेल्यांत टोचतात ते ऑक्सिटोसिन निराळे. त्याने फक्त पान्हा सुटतो. जनावराला अपाय होईल असे काही टोचून दूध काढणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तो कायदा तबेल्याच्या दारापर्यंत पोचतो कुठे?) अमेरिकेने कंपनीच्या औषधाला १९९३ साली मंजुरी दिली.

कॅनडात मात्र फाईल अडली. आरोग्य खात्यातले शास्त्रज्ञ सही करीनात. पंजाबात जन्मलेले शिव चोप्रा, मार्गारेट हेडन आणि जेरार्ड लँबर्ट हे त्यांतले. औषधे मंजूर करण्यासाठी आमच्यावर दबाव येतो, असे १९९८ साली सिनेटच्या समितीपुढे शपथेवर सांगण्यात आले. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने परवानगी नाकारली. गाईंमध्ये कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्के आणि लंगडेपणाचा सुमारे ५० टक्के वाढतो, असे पशुवैद्यांच्या समितीला आढळले होते. माणसाला मोठा धोका दिसत नाही, असे दुसऱ्या समितीने म्हटले, तेही इथे नोंदवतो.

आणि या तिघांना काय मिळाले? जुलै २००४ मध्ये तिघेही बडतर्फ! कागदावर कारण दुधाचे नव्हते, आज्ञाभंगाचे होते. कागदावर ते तसेच असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यांची युनियन वर्षानुवर्षे लढली. २०११ च्या निकालात लँबर्ट यांना परत घेण्याचा आदेश झाला, बाकी दोघांची बडतर्फी कायम राहिली.

आता आपल्याकडे पाहा. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही टीएक्सआरची. गाडीला उशीर होतोय, साहेब फोनवर आहेत, आणि एका डब्याचा ब्रेक नीट धरत नाही. सही नाकारली तर १९६६ चे वर्तणूक नियम तयार, केली आणि अपघात झाला तर चार्जशीट त्याच्याच नावावर. गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, पण तो लागू करणारी अधिसूचना पुढे कित्येक वर्षे निघाली नाही.

माझ्या मते पगारवाढीच्या बरोबरीने हे कलम आपल्या मागणीपत्रात हवे: सुरक्षेच्या कारणासाठी लेखी सही नाकारणाऱ्यावर, चौकशी पुरी होईपर्यंत, बदली वा निलंबनाची कारवाई होऊ नये. शाखांनी पुढच्या सभेत तसा ठराव करून पाठवावा. टपालच्या शाखांनीसुद्धा.