परसदार : आत उभं राहता येईल असं कोंबडघर

'परसातल्या कोंबड्यांवर एकदा लिहा' अशी पत्रं बरेच दिवस येत होती आणि मी ती बाजूला सारत होते. ज्यात आपणच आपटी खाल्ली, त्यात दुसरीला शहाणपण काय शिकवायचं, असं वाटायचं. पण आमचं नवं कोंबडघर आता एक कडक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून उभं आहे. तेव्हा आज सांगते. आधी फजिती, मग मापं.

आमचं राजूर यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं. (जालन्याकडचं गणपतीचं राजूर वेगळं, अकोले तालुक्यातलं वेगळं, पुष्कळजणी घोळ करतात.) कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. घरापुढे धूळ, घरामागे एक कडुनिंब, कढीपत्ता आणि थोडी मोकळी जागा. तेवढ्या जागेत काहीतरी आपलं असावं, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी नऊ कोंबड्या आणल्या.

मागच्या भिंतीला लागून अडीच फूट उंचीचं खुराडं केलं आणि त्याच्यापुढे तेवढ्याच उंचीचं जाळीचं आवार. मिस्त्री म्हणाला, "बाई, कोंबडी केवढी, तिला उंच घर कशाला?" मलाही पटलं. जाळी निम्मी लागली, पैसे वाचले. वाचले ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून मी ते कंबरेने फेडायला लागले. अंडी काढायची तर ओणवं व्हायचं, पाणी बदलायचं तर गुडघे टेकायचे, आणि झाडायचं म्हटलं तर पदर खोचून अक्षरशः रांगत आत जायचं. केसांत तार अडकायची ती वेगळीच. साहजिकच 'आज राहू दे, रविवारी झाडू' सुरू झालं. आणि रविवारची कामं तुम्हाला काय सांगायची!

मी इथल्याच एका शाळेत तासिकेवर शिकवते, साडेअकरा ते अडीच. त्या आषाढात माझी कंबर धरली होती. पंधरा दिवस मी दारातूनच दाणा टाकत होते आणि हाताला येतील तेवढीच अंडी काढत होते. मागच्या कोपऱ्यात उंदरांनी जाळीखालची माती उकरून ठेवली होती, ते मला दिसलं नाही. मुंगसाला दिसलं. एका दुपारी शाळेतून आले तर परसात आवाजच नाही. नऊपैकी सहा मेलेल्या. मुंगूस पोटापुरती एक मारून थांबत नाही. कोंडलेली पाखरं फडफडत राहिली की ते मारतच सुटतं. सहांपैकी चार तेव्हा अंड्यावर होत्या. अंड्यांचे पैसे मी एका डब्यात टाकत होते, मुलीच्या सायकलीसाठी. ती त्या रात्री जेवली नाही. आणि मी, खरं सांगते, मेलेल्या कोंबड्यांपेक्षा त्या कोपऱ्याकडेच बघत बसले होते. वीतभर भोक. आत जाऊन उभं राहता आलं असतं, तर पहिल्याच दिवशी नजरेला पडलं असतं.

सासूबाईंनी उरलेल्या तीन डाल्याखाली झाकल्या आणि "पुरे आता" म्हणाल्या. दोन महिन्यांनी मी नवं बांधायला काढलं तेव्हा म्हणतात कशा, "काऊन वं, कोंबड्यायले बंगला बांधून राहिली का?" ह्यांचं म्हणणं वेगळं होतं : पुन्हा अडीच फुटीच करू, खाली सिमेंट ओतू, म्हणजे उकरायचा प्रश्न नाही. मी विचारलं, "आत शिरून झाडणार कोण?" त्यावर हे वर्तमानपत्रात शिरले.

तर उंचीचं माप मी असं घेतलं : डोक्यावर खताचं टोपलं घेऊन परसात उभी राहिले आणि टोपल्यावर वीतभर जागा सोडून मिस्त्रीला भिंतीवर रेघ मारायला लावली. भिंतीकडे सात फूट, पुढच्या बाजूला सहा, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीकडे न येता पुढे पडतं. तुमची उंची तुम्ही बघा. पण जी रोज झाडणार आहे तिच्या मापाने करा, मिस्त्रीच्या नाही. दार साडेपाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद ठेवलं. कमरेवर घमेलं घेऊन सरळ आत जाता आलं पाहिजे. दार आत उघडणारं असावं, म्हणजे आपण शिरताना कोंबड्या आपोआप मागे सरतात, पायांतून निसटत नाहीत. खाली सहा बोटं उंच उंबरठा घाला. आतलं भुसकट बाहेर येत नाही. कड्या दोन, एक वर आणि एक खाली, कारण एकच कडी असली तर कुत्रं खालून दार रेटून फट करतं.

जागा किती? रात्री झोपायला एका कोंबडीला दोन चौरस फूट आणि दिवसा फिरायला आठ ते दहा, एवढा हिशेब धरा. आमचं आवार दहा फूट बाय आठ फूट आहे आणि त्यात आठ कोंबड्या सुखाने राहतात. 'अजून चार मावतील' असं कुणीतरी म्हणेलच, ऐकू नका. दाटीवाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात.

आता जाळी. इथे मात्र हात आखडू नका. बाजारात षटकोनी भोकांची जी पातळ 'मुर्गा जाळी' मिळते, तिने कोंबडी आत राहते, पण बाहेरचा बाहेर राहील याची खात्री नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं, आणि इंचभर भोकातून लहान साप आणि उंदराची पिल्लं आरामात येतात. म्हणून खालच्या भागाला अर्ध्या इंची भोकांची जाड वेल्डमेश घ्यायची. चार फूट पन्ह्याची घेतली तर तीन फूट उभी राहते आणि उरलेला एक फूट जमिनीखाली बाहेरच्या बाजूला आडवा दुमडायचा, वर दगड आणि माती दाबायची. मुंगूस किंवा कुत्रं जाळीच्या अगदी मुळाशी उकरतं. तिथे त्याला खालीही जाळीच लागते, आणि हातभर मागे सरून उकरावं ही अक्कल त्याला सहसा सुचत नाही. आमच्या आवाराचा घेर छत्तीस फूट. भिंतीची बाजू वजा केली तर सव्वीस फूट जाळी लागली. भिंतीतली भोकं मात्र सिमेंटने बुजवून घ्या. तीन फुटांच्या वर साधी मुर्गा जाळी चालते. वरून उघडं ठेवू नका. घार, शिक्रा आणि शेजारचं मांजर, तिघांचीही वाट वरूनच आहे.

आमच्याकडे माती काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते, आणि साधे रोवलेले खांब वर्षभरात तिरपे होतात. दीड-दोन फूट खोल खड्डा करून दगड ठासून खांब बसवा. लाकडी खांब असतील तर जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा, नाहीतर उधई खाऊन टाकते. आम्ही भंगारातले लोखंडी अँगल घेतले. लाकडापेक्षा स्वस्त पडले. आतली जमीन सहा इंच मुरूम टाकून उंच केली. पावसाळ्यात आत चिखल झाला की रक्ती हगवण आलीच म्हणून समजा, विशेषतः पिलांना.

उन्हाचं काय, हा आपल्या विदर्भाचा प्रश्न. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही, तो तिचा गार होण्याचा मुख्य मार्ग. म्हणून आवाराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे उतरत्या उन्हाकडे अरुंद बाजू येते. त्या बाजूला आम्ही तट्ट्या बांधल्या आणि दुपारी त्यांवर ओली पोती टाकतो. भिंतीकडच्या अर्ध्या भागावर टिना आहेत, पण नुसत्या टिनांखाली भट्टी होते. वर तुराटी आणि पऱ्हाटीचा हातभर थर दिला आणि दोरीने आवळला. उरलेल्या अर्ध्यावर जाळी, आणि जाळीवर दोडक्याचा वेल. वेल बाहेरून लावा, आतून लावलात तर कोंबड्या त्याला दुसरं पान फुटू देणार नाहीत. पाणी मातीच्या पसरट भांड्यात सावलीत ठेवायचं आणि उन्हाळ्यात दिवसातून तीनदा बदलायचं.

भिंतीकडच्या टिनांखाली रात्रीची खोली आहे, चार बाय पाच फूट, जमिनीपासून दोन फूट उंच. आत झोपायला बांबूच्या दांड्या, एकीला आठ इंच धरून. अंड्यांसाठी आम्ही नागपूरच्या संत्र्यांच्या दोन रिकाम्या पेट्या वापरल्या, आत कुटार घालून. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. दहा ठेवल्यात तरी सगळ्या एकाच पेटीसाठी भांडतात, तो त्यांचा स्वभाव आहे.

जमिनीवर तीन-चार इंच कोरडं कुटार पसरायचं आणि आठवड्यातून एकदा पंजाने खालीवर करायचं. हे काम उभ्याने करताना दहा मिनिटं लागतात. ओणव्याने तासभर लागायचा, म्हणून तर ते होत नव्हतं. वास येत नाही म्हणून शेजारीणही गप्प आहे. त्यांच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून बांधण्याआधी मी मुद्दाम विचारून आले होते, तुम्हीही विचारा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तेव्हा पहाटेच्या बांगेची तक्रारही उरत नाही. जुनं कुटार खड्ड्यात कुजवून वांग्यांना घाला. ताजं घातलंत तर झाड जळतं.

चुन्याचं एक सांगायलाच हवं, कारण आमच्या गावात तो हाताशी आहे. आतल्या भिंतींना आणि दांड्यांना वर्षातून दोनदा चुना फासला की पिसवा आणि गोचिडी पुष्कळ कमी होतात. पण तो विझवलेला हवा. भट्टीतला कळीचा चुना ओल्या जमिनीवर टाकलात तर कोंबड्यांचे पाय पोळतील. आणि तो विझवताना उकळून उडतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा. अंड्याच्या कवचासाठी मात्र चुनखडीची बारीक खडी, किंवा धुऊन चुरलेली शिंपली, एका वाटीत वेगळी ठेवा. लागेल तेवढी त्या आपणच खातात. तसंच मातीत लोळायला एका कोपऱ्यात चुलीची राख आणि वाळू. दगडी कोळशाची राख कितीही फुकट मिळो, ती नको.

कोंबड्या भरायच्या तर त्या आधी लशीची चौकशी करा. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आली की घर रिकामं करूनच जाते, आणि आल्यावर औषध नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, मग दोन महिन्यांची झाली की टोचायची लस. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात लिहून घ्या. अडचण अशी की लशीची कुपी शंभर-शंभर पाखरांची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून. आठ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून आम्ही आळीतल्या सहाजणींनी एकच दिवस ठरवला आहे. ज्या दिवशी लस, त्या दिवशी चहा माझ्याकडे.

वरून झाकण्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला. दाण्या-पाण्यात रानपाखरांची विष्ठा पडू न देणं हे आपल्या हातातलं काम आहे. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा; लाजेने लपवू नका, पुरूनही टाकू नका.

खर्च विचाराल. जुने अँगल, जुन्या टिना आणि नवी जाळी, मजुरीसकट आम्हाला साधारण अकरा हजार पडले. माझ्या तासिकेच्या पैशांतून, दोन हप्त्यांत. गावोगाव भाव वेगळे, तेव्हा हा आकडा धरून बसू नका. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, गिरिराज जातीची त्याच्या दुपटीने. पण गावठी खुडूक झाली तर स्वतः पिलं काढते, गिरिराजला ती हौस फारशी नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत. श्रावणात गिऱ्हाईक निम्मं होतं. कोंबड्या श्रावण पाळत नाहीत, त्याला काय करणार!

सायकलीचा डबा पुन्हा सुरू केला आहे. अजून अर्धाही भरलेला नाही. मुलगी रोज संध्याकाळी खालच्या जाळीवरून बोट फिरवत चारही कोपरे बघून येते, मी सांगितल्याशिवाय. आणि सासूबाई? चार वाजले की स्टूल घेऊन 'बंगल्यात' जातात, तिथेच दोडक्याच्या सावलीत भाजी निवडतात आणि देठं कोंबड्यांना टाकतात. परवा मला म्हणाल्या, "दार थोडं रुंद पायजे होतं, खाट गेली असती."