वळचण : घराच्या नकाशातून पुसला गेलेला शेजार

१/ निसर्गरक्षणाच्या इतिहासात कोल्हापूर संस्थानाचे नाव आदराने घेतले जाते. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज, दाजीपूरचे राखीव शिकारी रान आणि तेथेच १९५८ साली घोषित झालेले गव्यांचे अभयारण्य, हा क्रम सर्वश्रुत आहे. या इतिहासात राने आली. घराच्या भिंती मात्र राहून गेल्या.

२/ कागलसारख्या गावातील जुने घर आठवावे. दगडमातीची जाड भिंत, लाकडी वासे, वर कौले. वाशांच्या सांदीत चिमणी, वेशीच्या छताला पाकोळ्या, चिरेबंदी विहिरीच्या कपारींत साळुंक्या. गव्हाणी घुबडाच्या तर नावातच गव्हाण आहे.

३/ ही सोय कोणी दयाबुद्धीने आखली नव्हती. ती बांधकामाच्या साहित्यातून आपसूक घडली आणि साहित्य बदलताच आपसूक नाहीशी झाली. सिमेंटचा गिलावा, सपाट स्लॅब, काचेची तावदाने यांत सांदच उरली नाही. ‘वळचणीला येणे’ हा वाक्प्रचार राहिला, वळचण गेली.

४/ अन्यत्र हीच सोय हेतुपुरस्सर केली गेली. उस्मानी काळातील इस्तंबूलमध्ये इमारतींच्या भिंतींवर पक्ष्यांसाठी चिमुकले दगडी महाल कोरले जात. उस्कुदारची येनी वालिदे मशीद त्यासाठी प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील ब्रायटन शहराने २०२० पासून नव्या इमारतींना पाकोळ्यांच्या घरट्यांची सोय करण्याची अट घातली.

५/ आक्षेप ठरलेला आहे : कबुतरांचे काय? २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना आरोग्याच्या कारणावरून बंद करण्यात आला. ती चिंता रास्तच. पण तिचा रोख ढिगाने दाणे टाकण्यावर आहे. सव्वा इंचाच्या भोकातून चिमणी आत शिरते, कबुतर शिरत नाही. आश्रय कोणाला मिळेल, हे भोकाचे माप ठरवते.

६/ नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. परंतु वर्षातील एका दिवसाच्या कौतुकाने घरटे होत नाही. त्यासाठी भिंतीत जागा लागते.

७/ कागलच्या शिवारात ऊस आहे, उसात उंदीर आहेत आणि उंदरांवर जगणाऱ्या घुबडाला पोकळीच उरलेली नाही. नगरपरिषदेने नव्या बांधकामाच्या परवान्यात दोन पोकळ विटांची अट घालावी. भिंत उभी राहतानाच हे काम स्वस्तात होते. गिलावा झाल्यावर ती भिंत कोणी फोडत नाही.