गिरवलेलं नको, काढलेलं हवं

सुटी लागली की हस्तकलेच्या दुकानांत श्रिंक प्लास्टिकच्या शीटची पाकिटं दिसू लागतात. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा नमुन्यांचा कागदही असतो. त्यावर कार्टूनमधली मांजर, पंखांचा घोडा, आइस्क्रीमचा कोन. शीट पारदर्शक, त्यामुळे कागद खाली ठेवायचा, गिरवायचं, कापायचं, भाजायचं, कडी अडकवायची. तासाभरात दप्तराला लावायला कीचेन तयार. ही हस्तकला मला मनापासून आवडते. म्हणूनच आग्रहाने सांगते, पाकीट उघडल्यावर तो नमुन्यांचा कागद आधी बाजूला काढा. या प्लास्टिकचा खरा गुण गिरवण्यात वाया जातो.

शीट पॉलिस्टायरीनची असते. कारखान्यात ती गरम असतानाच लांबी-रुंदीला ताणतात आणि तशीच ताणलेली थंड करतात. आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या त्या ओढलेल्या अवस्थेत थिजून राहतात. घरच्या ओव्हनमध्ये साधारण १६० अंश सेल्सिअसची धग लागली की त्या मोकळ्या होतात आणि पुन्हा आक्रसतात. १० सेंटिमीटरचा तुकडा चार-साडेचार सेंटिमीटरवर येतो. प्लास्टिक तेवढंच, जागा कमी, म्हणून जाडी पाच-सहा पट वाढते. रेघ बारीक होते आणि रंग गडद होतो.

आता हे मुलाच्या बाजूने पाहा. सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात मोठ्या रेघेचा असतो. नखाएवढ्या जागेत नाक-डोळे काढायला सांगितले तर ते हिरमुसतं. इथे मात्र त्याने तळहाताएवढी आजी काढायची, चष्म्यासकट, साडीच्या काठासकट, आणि ओव्हनमधून बाहेर येते ती दोन बोटांत मावणारी आजी. काठावरची बुट्टी इतकी नाजूक की मोठ्यांनाही थेट तेवढी काढणं जमू नये. हाताची थरथर, वाकडा गेलेला कोपरा, सगळं आक्रसून घट्ट होतं, आणि चित्र तरीही त्या मुलाचंच राहतं. इतका मोठा आधार देणारं दुसरं साधन बालहस्तकलेत मला माहीत नाही. छापील मांजर गिरवणाऱ्या मुलाला हा आधार लागतच नाही, कारण त्याने काही काढलेलंच नसतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९७३ साली बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी ‘श्रिंकी डिंक्स’ नावाने ही शीट बाजारात आणली, ती स्काउटच्या मुलांसाठी केलेल्या एका प्रकल्पातून. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड इथल्या संशोधिका मिशेल खाइन यांनी याच खेळण्याच्या शीटवर लेझर प्रिंटरने रेघा छापल्या आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजल्या. शाईचे उंचवटे आक्रसून बारीक आणि उंच झाले. त्यांचा साचा वापरून त्यांनी द्रवाचे थेंब खेळवणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या चिप बनवल्या. महागड्या यंत्रसामग्रीवाचून झालेलं हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठं काढा, बारीक मिळेल, हाच गुण त्यांनी हेरला होता.

करताना काही गोष्टी सांभाळा. गुळगुळीत शीटवर रंगीत पेन्सिल धरत नाही, तेव्हा बारीक पॉलिश पेपरने आडवी-उभी घासून घ्या. रंग फिके भरा. कडीचं भोक भाजण्याआधीच पाडायचं. साध्या पंचचं सहा मिलिमीटरचं भोक शेवटी अडीचच्या आसपास उरतं, कडीला पुरतं. नंतर पाडायला गेलात तर तुकडा तडकतो. मायक्रोवेव्ह उपयोगाचा नाही, ओटीजी हवा आणि खाली बेकिंग पेपर. आत गेलेला तुकडा निखाऱ्यावरच्या पापडासारखा वळतो, कडा एकमेकींना भिडू पाहतात. इथे मुलं घाबरतात, आणि मोठी माणसं घाईने दार उघडतात. थांबा. बहुतेक वेळा तो आपणहून सपाट होतो. बाहेर काढला की लगेच जाड वहीखाली दाबा. ओव्हनचं काम मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून.

चित्र नकोच असेल तर मुलाला स्वतःचं नाव लिहू द्या. देवनागरी इथे विशेष शोभते. शिरोरेघ अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे ‘समीर’ हे अख्खं नाव एका तुकड्यात कापता येतं. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, त्यांच्यामागे पाटी ठेवावी लागते. शिरोरेघ मात्र बोटभर जाड ठेवा. बारीक पट्टी ओव्हनमध्ये पिळवटते. ध आणि भ यांची शिरोरेघ मध्येच तुटते, तिथे जोड द्यावा लागतो. अनुस्वाराचं टिंबही रेघेला चिकटवून काढायला हवं, नाहीतर कापताना नंदाची नदा होते.

हे शेवटी प्लास्टिक आहे आणि ते कुजत नाही. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी आणली, तेव्हापासून पिशव्यांबद्दल आपण निदान बोलतो तरी. छंदाच्या नावाखाली घरात येणाऱ्या प्लास्टिकबद्दल कुणी बोलत नाही. गिरवलेल्या मांजरी डझनावारी होतात आणि महिनाभरात खणाच्या तळाशी जातात. मुलाने स्वतः काढलेली आजी घराच्या किल्लीला वर्षानुवर्षं राहते. तेव्हा पालकांनो आणि सुटीची शिबिरं घेणाऱ्या ताईंनो, शीट थोड्या आणा, एका मुलाला एकच द्या, आणि काय काढायचं ते त्याला ठरवू द्या.