कंकणांचा समुद्र

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावरून पायऱ्या उतरून खाली आले की समुद्र एकदम पायाशी येतो. ओहोटीची वेळ पाहूनच इथल्या खडकांवर जावे लागते, आणि एक हात आधारासाठी मोकळा ठेवावा लागतो. अशा जागी चार किलोंची टेलिफोटो लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन उभे राहणे हे धाडस नव्हे, अविचार होय. म्हणूनच आरशाच्या लेन्सचा कैवार घेणारे अशा जागांचा दाखला देतात. तो कितपत खरा आहे?

या लेन्सची रचना परावर्तक दुर्बिणीसारखी असते. पाठीमागचा अंतर्गोल आरसा प्रकाश पुढे परतवतो. पुढच्या काचेच्या मध्यभागी बसवलेला छोटा आरसा तो पुन्हा मागे, कॅमेऱ्याकडे धाडतो. प्रकाशाची वाट अशी दुमडल्यामुळे लांबी आणि वजन दोन्ही घटतात. निकॉनची ५०० मिमी, एफ/८ ची अशी लेन्स सुमारे ८४० ग्रॅमची. तेवढ्याच नाभीय अंतराची एफ/४ ची भिंगांची लेन्स तीन ते चार किलोंच्या घरात जाते. अर्थात ही दुसरी लेन्स चौपट प्रकाश घेते, हे तुलना करताना विसरता कामा नये. परावर्तनात रंग फुटत नाहीत, त्यामुळे कडांना जांभळी-हिरवी किनार येण्याचा दोष आरशाच्या लेन्समध्ये जवळजवळ नसतो.

मात्र अॅपर्चर बदलता येत नाही आणि फोकस बहुधा हातानेच साधावा लागतो. मिनोल्टाची ५०० मिमी लेन्स हा त्याला गाजलेला अपवाद. शिवाय मधला आरसा येणारा प्रकाश अडवतो. त्याचा व्यास निम्मा असेल, तर एक चतुर्थांश प्रकाश वाटेतच थांबतो. नवख्याला वाटते, चित्राच्या मधोमध काळा डाग पडेल. तसे होत नाही. अडथळ्याचा परिणाम चित्रभर वाटला जातो आणि छायाप्रकाशातील भेद किंचित मंदावतो. पण फोकसबाहेर गेलेला प्रत्येक तेजस्वी बिंदू कंकणाकृती ग्रहणातल्या सूर्यासारखा पोकळ होतो. मावळतीला खडकावरचा पक्षी रेखीव येतो, आणि मागचा चमचमता समुद्र म्हणजे कासाराचे दुकान!

या कंकणांसाठी लेन्सला नावे ठेवली जातात. मला मात्र त्यांत एक प्रामाणिकपणा दिसतो. समीक्षकही संहिता आणि वाचक यांच्या मधोमध बसलेला असतो. त्याने बारकाईने उलगडलेल्या भागात त्याची सावली दिसत नाही; तिथे सारे रेखीव असते. ती दिसते त्याने पार्श्वभूमीला सारलेल्या गोष्टींत. तिथे वेगवेगळ्या वस्तूंना एकच आकार आलेला असतो, आणि तो आकार वस्तूंचा नसून पाहण्याच्या साधनाचा असतो. समीक्षा शिकवताना आपण मुख्य विवेचन तपासतो; पार्श्वभूमीतली कंकणे मोजायला विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

म्हणून या लेन्सचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. २०२० साली आलेली कॅननची ६०० मिमी, एफ/११ ची लेन्स एक किलोहून हलकी आहे. ती फोकस आपणहून साधते आणि कंकणे उमटवत नाही. तिचेही अॅपर्चर कायमचेच, पण हलकेपणाचा आरशाचा जुना दावा तिने बराचसा निकालात काढला. आज पक्ष्यांसाठी लेन्स घेणाऱ्याला मी आरशाची घे म्हणणार नाही. ज्याच्याकडे ती आहे, त्याने मात्र पार्श्वभूमीची कंकणे खोडून चित्र ‘शुद्ध’ करू नये. आपण कशातून पाहिले, हे सांगणारी तेवढीच खूण त्या चित्रात असते.