स्वतःच्या मेहनतीचाही हिशेब मांडा

ढाणकीचा सुतार स्वतःची बैलगाडी दुरुस्त करतो, कोकणातला दालदी मच्छीमार स्वतःची होडी. दोघेही म्हणतात, ‘घरचेच काम, मजुरी कुठे लागते?’ या समजुतीत नुकसान आहे.

फायबरच्या होडीची मागची फळी घ्या. इंजिनाचे वजन व जोर तिच्यावरच असतो. बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की आतले प्लायवूड कुजते, पण वरून काही दिसत नाही. कुज कुठवर गेली ते कापल्यावरच कळते. मग कुजके काढणे, जागा सुकवणे, नवे प्लायवूड बसवणे, त्यावर रेझिनचे थर देणे. ओल्या लाकडाला रेझिन नीट धरत नाही. आणि यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते ती जून-जुलैत, म्हणजे सवड मिळते ऐन पावसात! वर छप्पर नसेल तर काम लांबते आणि ऑगस्टची कमाई बुडते.

स्वतः करू नये, असे नाही. पण मालाच्या खर्चात आपल्या दिवसांची चालू दराने मजुरी व बुडालेली कमाई मिळवा, मगच मिस्त्री महाग की स्वस्त ते ठरवा. ढाणकीच्या कारागिरांनीही गाडीच्या चाकाला धाव चढवताना खर्ची पडलेला दिवस वहीत लिहावा. गिऱ्हाइकाला भाव सांगताना तीच वही कामी येईल.