अर्ध्या सेकंदाचा सौदा

२०१३ साली पोर्शने ९११ जीटी३ची नवी आवृत्ती आणली आणि तिच्यातून क्लचचे पेडल काढून टाकले. जीटी३ ही ट्रॅकवर पळवायची गाडी, तिचा चालक सेकंदाच्या दहाव्या भागासाठी जीव टाकणारा. त्याला यंत्रापेक्षा हळू पर्याय द्यायचाच कशाला, हा हिशेब कागदावर बिनतोड होता. तीन वर्षांनी त्याच कंपनीने ९११ आर नावाच्या ९९१ गाड्या काढल्या. त्या फक्त मॅन्युअल होत्या. त्या हातोहात संपल्या आणि लगेचच मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या जाऊ लागल्या. २०१७ मध्ये जीटी३लाही मॅन्युअल परत मिळाला, तोही जादा पैसे न घेता. कंपनीचेच आकडे असे: शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. म्हणजे तेवढ्याच पैशांत अर्धा सेकंद हळू गाडी घ्यायला माणसे खुशीने तयार होती. याला श्रीमंतांचा हट्ट म्हणून सोडून देता येईल. माझ्या मते मात्र या गिऱ्हाइकांचा हिशेब कंपनीच्या २०१३च्या हिशेबापेक्षा पक्का होता.

ऑटोमॅटिकची बाजू आधी पुरती मान्य करू, कारण ती भक्कम आहे. इथे ऑटोमॅटिक म्हणजे छोट्या गाड्यांतली, गिअर बदलताना हिसका देणारी एएमटी नव्हे, तर मुख्यतः ड्युअल क्लच. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. गाडी तिसऱ्यावर पळत असताना चौथा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. पोर्शने हे तंत्र १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतले होते. तिकडे फॉर्म्युला वनमध्ये १९८९ साली फेरारीने स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलण्याची सोय केली. नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, त्या गाडीतून जिंकून दाखवले आणि काही वर्षांत बाकीचे संघही त्याच वाटेने गेले. हात स्टिअरिंगवरून निघत नाही, गडबडीत पाचव्याऐवजी तिसरा पडून इंजिनाची वाट लागत नाही. घड्याळ लावून पळायचे असेल तर हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे.

पण घड्याळ लावून पळायला रस्त्यावर जागा आहे कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, समृद्धीवर १२०. जर्मनीतल्या ऑटोबानचे बिनमर्यादेचे पट्टे सोडले तर जगभर थोड्याफार फरकाने हेच चित्र. जीटी३ कोणत्याही गिअरपेटीने शंभराचा आकडा चार सेकंदांच्या आत गाठते आणि मग तिथेच थांबते, निदान थांबायला हवी. ऑटोमॅटिक जो वेळ वाचवून देते, तो कायद्याने आणि पुढच्या ट्रकने आधीच खाल्लेला असतो. मॅन्युअलकडून जे मिळते ते मात्र साठच्या वेगातही शाबूत राहते. वळणाआधी ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला देऊन इंजिनचे फेरे चढवायचे, खालचा गिअर टाकायचा, क्लच हलकेच सोडायचा. जमले तर गाडी मुकाट वळते. नाही जमले तर लगेच चुगली करते. ताम्हिणीत किंवा आंबोलीत हे मर्यादेत राहून करता येते. त्या घाटांत कोणाला ३.४ सेकंदांचा उपयोग काय, ते मला कळलेले नाही.

यावर एक आक्षेप असा की मॅन्युअलच्या चढ्या किमती हा निव्वळ दुर्मिळतेचा खेळ आहे. बरोबर आहे. फेरारीने कॅलिफोर्निया या मॉडेलमध्ये मॅन्युअलचा पर्याय ठेवला होता. घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि कंपनीने तो विषयच बंद केला. आज जुन्या फेरारींच्या बाजारात त्याच मॉडेलच्या पॅडलवाल्या गाडीपेक्षा मॅन्युअलला कितीतरी जास्त भाव येतो, पण लिलावात बोली लावणारा ती चालवायलाच नेतो असे नाही. म्हणून ९११ आरचा दाखला फार ताणायला नको. जीटी३मध्ये मात्र दोन्ही पर्याय एकाच किमतीत समोर होते आणि हळू पर्याय लोकांनी डोळे उघडे ठेवून घेतला. दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा. अमेरिकेत मॅन्युअल ही नवलाई झाली आहे. इथे बहुतेक जण अजून मॅन्युअलवरच गाडी शिकतात आणि पुण्याच्या विद्यापीठ चौकात हाफ क्लचवर सरकत, डावा गुडघा चोळत घरी पोचतात. कोटभर रुपये मोजून पुन्हा तीच वेठबिगारी कशाला? घरात एकच गाडी असेल आणि तीच रोज कामावर न्यायची असेल, तर ऑटोमॅटिकच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पण दोन माणसांपुरती गाडी घेणाऱ्याच्या दारात बहुधा दुसरी एखादी उभी असते, आणि कोंडीचा राग गिअरच्या दांड्यावर काढण्यात हशील नाही.

खरा अवघड आक्षेप तिसराच आहे, आणि मॅन्युअलचे भक्त तो सहसा काढत नाहीत. पोर्शच्याच ७१८ केमन जीटी४चे उदाहरण घ्या. तिचा पहिला गिअर ताशी ऐंशीच्या आसपास संपतो आणि दुसरा सव्वाशेच्याही पुढे जातो. म्हणजे घाटात दुसरा टाकला की तो बदलायची वेळच येत नाही. इंजिन रंगात येण्याआधी वेगमर्यादा संपते. अशा गाडीत मॅन्युअलचे सुख बरेचसे कागदावर राहते. याउलट माझ्दाची एमएक्स-५ पाहा, जी भारतात अधिकृतपणे मिळत नाही. दोन लिटरचे इंजिन, १८४ अश्वशक्ती, वजन टनाच्या जरासे वर, आणि दुसरा गिअर शंभराच्या आसपास संपतो. तिथे चालकाला सतत काम असते, तेही कायदा न मोडता. तेव्हा माझ्या म्हणण्याला एक अट जोडावी लागते: रस्त्यावर मॅन्युअल श्रेष्ठ, पण गाडी हलकी आणि गिअर आखूड असतील तरच. पोर्शलाही हे ठाऊक असावे. २०२३ मध्ये त्यांनी ९११ एस/टी काढली ती फक्त मॅन्युअल, १३८० किलोची, आणि तिचे गिअर जीटी३पेक्षा मुद्दाम आखूड ठेवले. तीही १९६३च गाड्यांपुरती, हा भाग वेगळा.

आपल्याकडे निवड करायलाही फारसे उरलेले नाही. २०२५ मध्ये आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय फक्त ड्युअल क्लचवर मिळते. तिच्या या आवृत्तीला जगात कुठेच मॅन्युअल नाही. आणि गंमत अशी की ह्युंदाईने आयोनिक ५ एन या गिअरच नसलेल्या विजेच्या गाडीत आठ गिअरांचे सोंग बसवले आहे: पॅडल ओढले की गाडी ठरवून झटका देते, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. गाडीला वेग देण्यासाठी हे नाही, चालकाच्या हाताला काम देण्यासाठी आहे. बीएमडब्ल्यूची एम२ मात्र २०२३ मध्ये भारतातही दोन्ही प्रकारांत आली. कंपनीच्या तेव्हाच्या आकड्यांनुसार शंभर गाठायला ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद, मॅन्युअलला ४.३. पण ती सतराशे किलोची, दांडगट ताकदीची गाडी आहे, म्हणजे वरची अट तिलाही लागू. घेणाऱ्याने शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नये, टेस्ट ड्राइव्हसाठी घाटाचा रस्ता मागून घ्यावा आणि वेगमर्यादेत राहून हात गिअरच्या दांड्यावर किती वेळा जातो ते पाहावे. जातच नसेल, तर ऑटोमॅटिकचे बिल करायला सांगावे.